एक पान, अनेक हात

छापखाने नव्हते त्या काळी ग्रंथ हातानेच लिहून काढावे लागत. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला होत होत ग्रंथ दूरदूरच्या गावी पोहोचे. लेखनिक कितीही दक्ष असला, तरी कोठे ना कोठे त्याची नजर चुकेच. ‘घन’ आणि ‘धन’ या शब्दांत फरक तो काय, शिरोरेषेच्या एका लहानशा तुकड्याचा! पण लेखनिकाने ‘घन’चे ‘धन’ केले, की आकाशातला मेघ नाहीसा होऊन त्या जागी द्रव्याची रास येई. पुढचे लेखनिक तीच चूक श्रद्धेने उतरवून घेत. कधी एखादा वाचक समासात टीप लिहून ठेवी आणि नंतरचा लेखनिक तिला मूळ ग्रंथाचाच भाग समजे. कधी कोणी आपल्या आवडीची कथाच मध्ये घालून देई.

शतकानुशतके असे घडत गेल्यावर महाभारतासारख्या प्रचंड ग्रंथाची काय स्थिती झाली असेल? काश्मीरची भूर्जपत्रावरील पोथी आणि दक्षिणेकडील ताडपत्रावरील पोथी शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोठे शब्द निराळे, कोठे श्लोक कमीअधिक, तर कोठे संपूर्ण अध्यायच जास्त, असे दिसून येई. यांतील जुना पाठ कोणता, हे कोणी आणि कसे ठरवावे?

हे अवघड काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अंगावर घेतले. थोर विद्वान रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, या संस्थेची स्थापना झाली. महाभारताच्या कार्यासाठी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध भांडारकरांच्या हस्ते कार्याला प्रारंभ झाला.

एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले हे काम नव्हतेच. पोथ्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांत होत्या. त्या सर्व एका माणसाला कोठून वाचता येणार? म्हणून पुण्याबरोबरच बंगालमध्ये शांतिनिकेतनला आणि दक्षिणेत तंजावरला पोथ्या ताडून पाहण्याची व्यवस्था करण्यात आली. पण इतक्या दूर बसलेल्या माणसांनी आपापल्या मनाप्रमाणे टिपणे केली असती, तर ती टिपणे एकत्र करताना नवाच गोंधळ उडाला असता.

यावर एक साधी युक्ती योजण्यात आली. चौकटी आखलेला एक कागद सर्वांसाठी ठरवण्यात आला. वरच्या ओळीत प्रचलित पाठातील श्लोक लिहावयाचा; प्रत्येक अक्षराला एक चौकट. त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथीतील अक्षर वरच्याहून वेगळे असेल, तर ते बरोबर त्याच अक्षराच्या चौकटीखाली नोंदवावयाचे. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून एक संक्षिप्त खूण दिलेली असे. आता बंगाली पोथी वाचणाऱ्याने ग्रंथ लिपी शिकण्याची गरज उरली नाही. कागदावर नजर टाकताच कोणत्या पोथीत कोठे काय फरक आहे, हे संपादकाला दिसू लागले. लिहिणारे अनेक, पण लिहिण्याची रीत एक, असा हा मेळ होता.

काम योग्य दिशेने चालले आहे की नाही, याचीही परीक्षा आरंभीच घेण्यात आली. नारायण बापूजी उटगीकर यांनी विराटपर्वाचा एक नमुना तयार केला. तो १९२३ साली छापून विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आला. घाईने सर्व ग्रंथ छापून मागाहून पस्तावण्यापेक्षा आधी थोडे करून दाखवावे आणि दोष ऐकून घ्यावेत, हा त्यामागचा विचार होता.

१९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर हे प्रमुख संपादक झाले. ते केंब्रिजला गणित शिकलेले. पुढे बर्लिनला त्यांनी प्राच्यविद्येचा अभ्यास केला. गणिती मनुष्य उत्तराइतकेच रीतीलाही महत्त्व देतो. सुखटणकरांनीही निवडीचे नियम ठरवले. एकट्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ हस्तलिखितांची माहिती मिळाली होती; त्यांतील साठांच्या आसपास निवडून त्यांच्या आधारे पाठ सिद्ध करण्यात आला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, एकमेकींपासून दूर राहिलेल्या पोथ्या जेथे एकच शब्द सांगत, तेथे तो शब्द जुना मानावा, हा त्यांतील एक महत्त्वाचा नियम होता.

छापील पानाची रचनाही विचारपूर्वक करण्यात आली. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी निवडलेला पाठ आणि खाली, बारीक अक्षरांत, पोथ्यांतील पाठभेद. जो शब्द निवडताना संपादकांची खात्री पटली नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ. जे श्लोक मागाहून आलेले वाटले, ते तारांकित करून तळटीपेत. लांबलचक भाग असेल, तर परिशिष्टात. म्हणजे वाचकापासून काहीच लपवले नाही. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याने खाली पाहावे आणि आपला निर्णय आपण करावा.

या नियमांची खरी कसोटी एका लाडक्या कथेने पाहिली. व्यासांनी महाभारत सांगावे आणि गणपतीने ते लिहून घ्यावे. गणपतीने न थांबता लिहिण्याची अट घालावी आणि व्यासांनी अर्थ समजल्यावाचून न लिहिण्याची. ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? परंतु अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती आढळेना. गणेशभक्तांच्या पुण्यातच बसलेल्या संपादकांनी ती मुख्य पाठात न ठेवता परिशिष्टात घातली. आवड एक आणि पुरावा एक, असे जेव्हा झाले, तेव्हा त्यांनी पुराव्याची बाजू घेतली. तथापि कथा फेकून दिली नाही.

आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. निरनिराळी पर्वे निरनिराळ्या विद्वानांनी संपादित केली. विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व बंगालचे सुशीलकुमार डे यांनी, तर सभापर्व फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितांनी. २१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर निवर्तले. काम मात्र थांबले नाही, कारण त्याची रीत एका माणसाच्या डोक्यात नव्हती, सर्वांच्या कागदावर होती. त्यांच्यामागून श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. एकूण १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून १९ खंडांत ही चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. ती पूर्ण झाल्याची घोषणा २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केली. सत्तेचाळीस वर्षांचे काम तडीस गेले.

अशी दक्षता केवळ प्राचीन ग्रंथांनाच हवी असे नाही. औषधाबरोबरच्या सूचनांत एक अंक चुकला, तर रोग्याच्या जिवावर बेतते. वेळापत्रकात एक ओळ वरखाली झाली, तर प्रवाशाची गाडी चुकते. यंत्राची माहितीपुस्तिका असो, नकाशा असो की शाळेचे पाठ्यपुस्तक, त्यामागे लिहिणारा, तपासणारा, चित्रे काढणारा आणि पानाची मांडणी करणारा असे अनेक जण असतात. बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आरंभी त्यांची नावे दिलेली असतात. मुले ती पाने सहसा उलटून पुढे जातात. एकदा थांबून ती नावे वाचावीत.