जो तो ‘जो’च!

मासकॉमच्या फीसाठी मी आठ महिने नाइट शिफ्ट केली. अमेरिकन प्रोसेस. पहिल्याच दिवशी ट्रेनरने नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, ‘कस्टमरला झेपणार नाही रे. आजपासून तू जो.’ झालं! आईबाबांनी बारशाला पेढे वाटून ठेवलेलं नाव एका मिनिटात डिलीट.

जाम राग आला होता. मग एकदा पहाटे अडीचला एका अमेरिकन आजोबांनी बिलाची तक्रार करता करता मध्येच विचारलं, ‘जो? डिमॅजिओसारखा?’ मी आपलं ‘येस सर’ ठोकून दिलं. घरी येऊन गूगल केलं आणि अडकलोच. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे जो!

कोळ्याचा पोरगा
जो डिमॅजिओ न्यूयॉर्क यँकीजचा. १९४१ साली त्याने सलग ५६ मॅचेसमध्ये हिट मारली. हिट म्हणजे चेंडू असा मारायचा की बॅटर सुखरूप बेसवर पोचलाच पाहिजे. ५६ मॅचेस, एकही दिवस खाडा नाही! हा रेकॉर्ड आजही कुणाला मोडता आलेला नाही. पण मला खरा धक्का बसला तो त्याच्या वडिलांची गोष्ट वाचून. ते सॅन फ्रान्सिस्कोतले इटालियन कोळी, नाव जुझेप्पे. म्हणजे इटालियन जोसेफच. महायुद्धात अमेरिका उतरली आणि इटलीचे नागरिक ‘शत्रू परकीय’ ठरले. पोरगा देशाचा हीरो आणि बापाला बंदरावर जायची बंदी!

अनवाणी जो
त्याच्या आधीचा ‘शूलेस’ जो जॅक्सन. लहानपणापासून कापडगिरणीत राबलेला, लिहिता-वाचता न येणारा. नवे बूट चावले म्हणून एकदा नुसत्या मोज्यांवर खेळला आणि हे नाव कायमचं चिकटलं, असं सांगतात. १९१९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांवर आला. त्यात हाही होता. गंमत म्हणजे त्या सिरीजमध्ये त्याने ३२ पैकी १२ वेळा हिट मारली होती. १९२१मध्ये कोर्टाने सगळ्यांना सोडलं, पण बेसबॉलच्या कमिशनरने आजन्म बंदी घातली. तो गेला १९५१मध्ये. बंदी उठली २०२५च्या मे महिन्यात. ७४ वर्षं उशिरा!

‘क्लूलेस’ जो
आता हे ऐका. १९९५मध्ये यँकीजने जो टॉरीला मॅनेजर नेमलं. खेळाडू म्हणून नाव कमावलेला, पण मॅनेजर म्हणून तीन टीम्सनी नारळ दिलेला माणूस. न्यूयॉर्कच्या एका पेपरने हेडलाइन केली, ‘क्लूलेस जो’. म्हणजे त्या अनवाणी जोच्या नावावर कोटी करून याची खिल्ली! टॉरीने काय करावं? १९९६, १९९८, १९९९ आणि २०००, चार वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या. त्याच्या टीममधला कॅचर जो जिरार्डी पुढे त्याच्याच खुर्चीत आला. यँकीजची तेव्हा २६ विजेतेपदं होती, म्हणून त्याने जर्सीवर नंबर घेतला २७. २००९मध्ये ते सत्ताविसावंही आणलं. टार्गेट पाठीवर छापून ऑफिसला यायची हिंमत आहे का आपल्यात?

बर्फ काढणारा जो
माझा सगळ्यात लाडका मात्र जो मॉर्गन. नाही, सिनसिनाटीचा तो स्टार नव्हे, ज्याला १९७५ आणि १९७६ असं लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. दुसरा! एवढ्या मोठ्या माणसाचं आडनावासकट अख्खं नाव वाट्याला आलेला बॉस्टन रेड सॉक्सचा कोच. लहान टीम्स सांभाळायच्या दिवसांत हा हिवाळ्यात हायवेवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. १९८८च्या जुलैमध्ये मॅनेजरला काढलं आणि याला तात्पुरतं बसवलं. टीम सलग १२ मॅचेस जिंकली! ‘तात्पुरता’ हा शब्द गळून पडला. वय वर्षं ५७.

आपल्या ऑफिसात चार अमित असतात. त्यातला एक ‘अमित सिनिअर’, एक ‘तो टकला अमित’, उरलेले दोघे एकमेकांच्या ईमेल्स फॉरवर्ड करत बसतात. हे सगळे जो वाचल्यावर वाटलं, नाव आपल्याला दुसरंच कुणीतरी देतं. कधी बाप, कधी पेपरवाला, कधी ट्रेनर. त्या नावाने लोकांनी काय आठवावं, तेवढंच थोडंफार आपल्या हातात असतं.

शेवटच्या दिवशी हेडसेट आणि आयडी कार्ड परत केलं. ‘जो’ परत करताना मात्र जरा जड गेलं. आता तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला आला असेल. बाबा रे, एखाद्या आजोबांनी डिमॅजिओबद्दल विचारलं तर नुसत्या ‘येस सर’वर थांबू नकोस. ५६ मॅचेस सांग. निम्मी तक्रार तिथेच मिटेल!