संगणकीय आलेखनाचा प्रारंभ : एक तिरकी रेषा

संगणकाच्या पडद्यावर चित्र काढावयास शिकणारा विद्यार्थी बहुधा तयार आज्ञांच्या संग्रहापासून आरंभ करतो. अशा संग्रहात रेषेसाठी एकच आज्ञा पुरते. रेषा उमटते, परंतु ती कशी उमटली हे कळत नाही, आणि चित्र बिघडले म्हणजे दोष कोठे शोधावा हेही उमगत नाही. म्हणून पहिली रेषा विद्यार्थ्याने स्वतःच्या हिशेबाने काढावी, हे श्रेयस्कर होय.

भूमितीतील रेषा अखंड असते. पडदा मात्र आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा, बनलेला असतो. जाडीचा विचार सोडल्यास देवनागरीची शिरोरेषा काढणे सोपे आहे : एका ओळीतील सलग ठिपके उजळले की झाले. ‘र’चा तिरका पाय काढताना मात्र पावलोपावली प्रश्न पडतो : याच ओळीत राहावे, की शेजारच्या ओळीत जावे?

याचे सुटसुटीत उत्तर आय.बी.एम. कंपनीतील जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली शोधले व १९६५ साली प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे पडदा नव्हता; कागदावर लहान लहान पावलांनी लेखणी सरकविणारे यंत्र होते. अडचण मात्र हीच होती.

समजा, (०, ०) पासून (५, २) पर्यंत रेषा काढावयाची आहे. उजवीकडे पाच पावले, वर दोन. प्रत्येक पावलास खरी रेषा ०.४ ने चढते. अपूर्णांक टाळण्यासाठी सर्व अंतरे दसपट धरावीत. शून्यापासून आरंभ करून प्रत्येक पावलास ४ मिळवावेत. बेरीज ५ हून अधिक झाली, म्हणजे वरचा ठिपका अधिक जवळचा ठरला. तेव्हा एक ओळ चढावे व बेरजेतून १० वजा करावेत. पहिल्या पावलास बेरीज ४ होते. दुसऱ्यास ८ होते. चढल्यावर उणे २ उरतात. तिसऱ्यास २ होते. चौथ्यास ६ होते. चढल्यावर उणे ४ उरतात. पाचव्यास शून्य येते आणि रेषा नेमक्या स्थळी पोहोचते.

या कृतीत भागाकार नाही, अपूर्णांकही नाही. रेषेचा चढ अधिक तीव्र असल्यास आडव्या व उभ्या दिशांची अदलाबदल करावी, एवढेच.

आज हे काम आलेखनाची स्वतंत्र मंडले करतात आणि कडेच्या ठिपक्यांना मधल्या छटा देऊन पायऱ्यांसारखा दिसणारा खडबडीतपणा झाकला जातो. तथापि मूळ प्रश्न बदललेला नाही. मोजक्या ठिपक्यांत अखंड आकृती बसविताना थोडी चूक अटळ असते. तिचा हिशेब पुढील पावलाकडे नेणे, हीच या विद्येची पहिली पायरी होय.