कौशल्याचे मोजमाप

मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावर चेंबूर आणि मानखुर्द यांच्या मध्ये गोवंडी हे स्थानक लागते. तेथील एका शाळेचा क्रीडामहोत्सव चालू आहे, अशी कल्पना करा. पटांगण लहान, पण मुलींचा उत्साह मोठा. प्रथम धावण्याची शर्यत होते. जी मुलगी शेवटची रेषा आधी ओलांडते, ती पहिली. त्याविषयी कोणीही शंका काढीत नाही. नंतर लांब उडी होते. गुरुजी वाळूवर मोजपट्टी धरतात आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवितात. तेथेही वाद नाही.

शेवटी दोरीच्या मल्लखांबाची स्पर्धा सुरू होते. पहिली मुलगी फार अवघड आसने करून दाखविते. परंतु दोन ठिकाणी तिचे पाय थरथरतात आणि उतरताना तिचा तोल जातो. दुसरी मुलगी त्यामानाने सोपी आसने करते. पण तिच्या हालचालींत कोठेही अडखळणे नाही, की घाई नाही. निकाल जाहीर होतो. दुसऱ्या मुलीला पहिला क्रमांक मिळतो. लागलीच पटांगणात कुजबूज सुरू होते. कोणी म्हणते, "अवघड काम तर पहिलीनेच केले!" कोणी म्हणते, "पण सुंदर काम दुसरीचेच होते!"

मुलांनो, या दोघींपैकी खरी श्रेष्ठ कोण? धावण्याला घड्याळ आहे, उडीला मोजपट्टी आहे. पण तोल, डौल आणि सफाई यांना कोणते माप लावावे? हा प्रश्न केवळ तुमच्या पटांगणातला नाही. जगातील मोठमोठ्या क्रीडापंडितांना त्याने पुष्कळ वर्षे विचार करावयास लावले आहे.

आधी आपल्या घरचा खेळ पाहू. मल्लखांब हा महाराष्ट्रात विशेष वाढलेला व्यायामप्रकार होय. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट देवधर यांनी त्याला नवे रूप दिले, असे मानतात. पुरलेल्या लाकडी खांबावर मल्ल सराव करीत. पुढे वेताचा आणि त्यानंतर सुती दोराचा मल्लखांब प्रचारात आला. मुलींच्या स्पर्धांत या दोरीच्या मल्लखांबाला मानाचे स्थान आहे. वरून एक दोर लोंबत असतो. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर पकडून मुलगी वर चढते. मग त्याच दोराचे वेढे कधी कमरेला, कधी मांडीला, तर कधी पोटरीला घेत ती अधांतरी पद्मासन घालते, धनुरासन करते, जणू अंथरुणावर पहुडावे तशी निद्रासनात स्थिर होते. विशेष हे, की ती दोराला एकही गाठ मारीत नाही. तिला धरून ठेवणारी गोष्ट एकच : दोराच्या वेढ्यांवर पडणारा तिच्याच शरीराचा भार. म्हणून वेढा योग्य जागी बसला नाही, तर चूक तत्काळ दिसून येते.

या खेळात पंच काय पाहतात? कसरत किती अवघड होती, ती किती सफाईने केली, एका आसनातून दुसऱ्या आसनात जाताना ओघ राहिला की नाही, कसरतींत विविधता होती की तेच तेच पुन्हा केले, चढणे व उतरणे नेटके होते काय, आणि हे सर्व नेमून दिलेल्या वेळात पुरे झाले काय. म्हणजे एकाच मुलीच्या कामाकडे पंचांना अनेक बाजूंनी पाहावे लागते.

१६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. गोवंडीहून आगगाडीने कुर्ला आणि तेथून गाडी बदलून दादर, इतक्या जवळ हा सोहळा झाला. जर्मनी, जपान, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून खेळाडू आले होते. सुमारे १५ देशांनी त्यात भाग घेतला. परदेशांत या खेळाचा प्रसार करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या उदय देशपांडे यांचे या कार्यात मोठे श्रेय आहे. त्यांना २०२४ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. या स्पर्धेत महिलांमध्ये मुंबईची हिमानी परब हिने अजिंक्यपद मिळविले. पुढे २०२१ चा अर्जुन पुरस्कारही तिला देण्यात आला.

आता विचार करा. लहानपणापासून रोज दोर हाताळणारी मुंबईची मुलगी आणि थोड्याच वर्षांपूर्वी हा खेळ प्रथम पाहिलेली परदेशची मुलगी या एकाच दोरावर चढतात. दोघींची भाषा निराळी, शिकविण्याची रीत निराळी, शरीराची ठेवण निराळी. तरीही पंचाला दोघींसाठी एकच माप वापरावे लागते. आपल्या देशाच्या मुलीला मूठभर अधिक आणि पाहुणीला चिमूटभर कमी, असे करून चालत नाही. तसेच, पाहुणी आहे म्हणून तिला दयेने गुण देणे, हाही तिचा अपमानच होय.

हेच माप शोधण्यासाठी जगात केवढी खटपट झाली, हे बर्फावरील नृत्यासारख्या एका खेळाच्या इतिहासावरून उत्तम कळते. या खेळाला फिगर स्केटिंग म्हणतात. बुटाच्या तळाला पोलादाचे पाते बसविलेले असते. त्या पात्यावर तोल सांभाळीत मुली गुळगुळीत बर्फावरून संगीताच्या तालात घसरत जातात, गिरक्या घेतात, हवेत उडी मारून तीन तीन फेरे फिरतात आणि पुन्हा एकाच पायावर उतरतात. गिरकी घेताना पसरलेले हात छातीशी घेतले, की फिरण्याचा वेग आपोआप वाढतो. तुम्हीही फिरत्या खुर्चीवर बसून हा प्रयोग करून पाहू शकाल.

या खेळात पूर्वी प्रत्येक पंच जास्तीत जास्त ६ गुण देत असे आणि त्या गुणांवरून खेळाडूंचे क्रम लावले जात. गुण का कापले, हे खेळाडूला नीट कळत नसे. २००२ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत एका पंचावर दडपण आणले गेल्याचा आरोप झाला. मोठा गहजब उडाला आणि अखेर दुसऱ्या क्रमांकाच्या कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. या प्रसंगाने सर्वांचे डोळे उघडले. २००४ साली या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने गुणदानाची नवी पद्धत स्वीकारली.

या पद्धतीत काम वाटून दिलेले आहे. खेळाडूने कोणती उडी मारली आणि हवेत किती फेरे पुरे केले, हे तज्ज्ञांचे एक पथक ठरविते. प्रत्येक उडीचे मूळ गुण कोष्टकात आधीच छापलेले असतात. ती उडी कशी साधली, हे पंच सांगतात. ते उणे ५ पासून अधिक ५ पर्यंत श्रेणी देतात. एका श्रेणीची किंमत मूळ गुणांच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. पंच नऊ असल्यास त्यांच्यापैकी सर्वांत मोठा एक व सर्वांत लहान एक असे दोन आकडे वगळून उरलेल्या सातांची सरासरी काढतात.

हे दोन आकडे वगळण्याचे कारण काय? समजा, एका खेळाडूला नऊ पंचांनी ३, ७, ७, ८, ८, ८, ९, ९ आणि १० असे गुण दिले. सर्वांची बेरीज ६९, म्हणून सरासरी सुमारे ७.६७ येते. पहिल्या पंचाने ३ गुण आकसाने दिले असतील किंवा अनवधानाने. पण त्याच्या एकट्यामुळे सर्वांची सरासरी खाली ओढली गेली. आता ३ आणि १० वगळा. उरलेल्या सातांची बेरीज ५६, सरासरी बरोबर ८. एका माणसाचा राग किंवा लोभ निकाल बिघडवू नये, यासाठी गणिताने घातलेले हे कुंपण आहे.

आता गोवंडीच्या त्या दोन मुलींचा प्रश्न या पद्धतीने सोडवून पाहू. ॲक्सेल नावाची एक अवघड उडी आहे. २०१८ पासूनच्या कोष्टकात तिहेरी ॲक्सेलला ८ आणि दुहेरीला ३.३० मूळ गुण आहेत. एका मुलीने तिहेरी उडी मारली, पण ती पडली. सर्व पंचांनी उणे ५ श्रेणी दिली, तर ४ गुण जातात. शिवाय पडल्याबद्दल आणखी १ गुण वजा होतो. उरले ३. दुसरीने दुहेरी उडी इतकी सुरेख मारली, की तिला अधिक ३ श्रेणी मिळाली. तिचे गुण झाले ३.३० अधिक ०.९९, म्हणजे ४.२९. सोपे काम सुरेख करणारी येथे पुढे गेली. परंतु पहिली जर नीट उतरली असती, तर तिला ८ गुण मिळून ती कितीतरी पुढे राहिली असती. धाडसालाही मोल आहे आणि सफाईलाही. कोणते केव्हा निवडावे, हे खेळाडूने आपली तयारी ओळखून ठरवावयाचे असते.

याचे उत्तम उदाहरण २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथील ऑलिंपिकमध्ये दिसले. दक्षिण कोरियाची किम युना आणि जपानची माओ असादा या दोघी १९ वर्षांच्या होत्या. दोघींचा जन्म १९९० च्या सप्टेंबर महिन्यातला. किम केवळ वीस दिवसांनी मोठी. असादाने त्या स्पर्धेत तीन वेळा तिहेरी ॲक्सेल साधली. किमने ही उडी एकदाही मारली नाही. असे असूनही किमला एकूण २२८.५६ आणि असादाला २०५.५० गुण मिळाले. कारण किमचे दोन्ही प्रयोग आरंभापासून शेवटपर्यंत निर्दोष झाले, तर असादाकडून दुसऱ्या प्रयोगाच्या उत्तरार्धात चुका झाल्या. एकाच अवघड कसरतीवर नव्हे, तर संपूर्ण कामावर निकाल ठरतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

कधी कधी हे अंतर केसाएवढे असते. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकरने जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट या प्रकारात प्रोदुनोवा नावाची अत्यंत धोक्याची उडी मारली. तिला १५.०६६ गुण मिळाले. तिसऱ्या आलेल्या स्विस खेळाडूला १५.२१६. अवघ्या ०.१५० गुणांनी दीपाचे पदक हुकले. तरीही भारतातील घराघरांत तिचे नाव पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गुणपत्रकात प्रत्येक उडीला रकाना आहे. पण सर्वच गोष्टींना रकाना नसतो. व्हँकुव्हरच्या त्याच स्पर्धेत कॅनडाची जोआनी रोशेट खेळत होती. पहिल्या प्रयोगाच्या दोनच दिवस आधी तिची आई हृदयविकाराने अकस्मात निवर्तली. आई तिचा खेळ पाहण्यासाठीच त्या गावी आली होती. जोआनी तरीही बर्फावर उतरली आणि तिसरी आली. पंचांनी तिला दुःखाबद्दल एकही गुण अधिक दिला नाही, आणि तसे देणे योग्यही झाले नसते. तिने कांस्यपदक आपल्या कौशल्यावर मिळविले. तिच्या धैर्याला मात्र प्रेक्षकांनी जी दाद दिली, ती कोणत्याही गुणपत्रकात मावणारी नव्हती.

दुसरा एक प्रश्न वयाचा. लहान चणीच्या मुलींना हवेत अधिक फेरे घेणे सोपे जाते. त्यामुळे अगदी कोवळ्या मुलींकडून कठोर मेहनत करवून घेण्याची वृत्ती वाढली होती. पदक घराला शोभा देईल; पण त्यासाठी मुलीचे गुडघे आणि बालपण दोन्ही झिजत असतील, तर तो सौदा महागाचा नव्हे काय? म्हणून जून २०२२ मध्ये या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचे ठरविले आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ती पूर्णपणे अमलात आली. सर्वांना सारखे माप हवे, हे खरे. पण त्या मापाखाली कोणी चिरडले जाऊ नये, हेही तितकेच खरे.

आता पुन्हा गोवंडीच्या पटांगणात येऊ. त्या दोन मुलींपैकी श्रेष्ठ कोण, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्या दिवशीच्या कामात दुसरी पुढे होती, एवढेच पंच सांगू शकतात. पहिलीने धाडस केले होते. तिने सराव वाढविला आणि थरथर घालविली, तर पुढच्या वर्षी निकाल पालटू शकेल. गुण हे केलेल्या कामाचे असतात, करणाऱ्या माणसाचे नव्हेत. हा भेद ज्याला कळला, तो हरल्यावर खचत नाही आणि जिंकल्यावर फुगत नाही.

स्पर्धा पाहताना तीन गोष्टी विसरू नका. पंचाने डोळे उघडे आणि मन निर्मळ ठेवावे. खेळाडूने निकाल मानावा; मात्र आपले गुण कोठे गेले, हे विचारून समजून घ्यावे, कारण तो त्याचा हक्क आहे. आणि प्रेक्षकाने टाळी वाजविताना खेळाडूचे गाव वा देश पाहू नये. दोरावर असो की बर्फावर, एखाद्या मुलीने वर्षानुवर्षांच्या कष्टाने तोल साधला, की ती कोठलीही असो, आपले हात आपसूक टाळीसाठी जुळले पाहिजेत.