दोघांपुरते घर

तंबू घेणार आहोत असे आम्ही घरात सांगितले, तेव्हा अम्मींनी पहिला प्रश्न केला, "कुणाचं लग्न आहे?" तंबू म्हटले की आपल्याकडे मांडव, बिर्याणीच्या देगा आणि भाड्याच्या खुर्च्याच डोळ्यांसमोर येतात. आम्हाला हवा होता तो तंबू पाठीवरच्या पिशवीत मावणारा, दोन माणसांना निजण्यापुरता. तो घरी आला तेव्हा अम्मींनी पिशवी उचलून वजन पाहिले आणि म्हणाल्या, "एवढ्याशात दोन माणसं? आणि घर असताना बाहेर कशाला निजायचं?"

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आम्हाला देता आले नाही. तीन हिवाळे तो तंबू वापरल्यावर आता देता येईल असे वाटते. म्हणून हा लेख.

आम्ही दोघे म्हणजे कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत असतात तसे नवरा-बायको. एकाने एकवीस वर्षे कुवेतला नोकरी केली. दुसरीने जवळजवळ तेवढीच वर्षे शाळेत मुलांना मराठी आणि उर्दू शिकवले. दोन वर्षांतून एकदा पन्नास-साठ दिवसांची रजा मिळायची. तीही लग्नकार्ये, दावती, आजाऱ्यांच्या भेटी आणि घराचे छप्पर शाकारण्यात संपायची. अखेर नोकरी संपवून कायमचे परतणे झाले, तेव्हा सगळ्यांनी शुक्र अदा केला. आम्हीही केला. पण चार-सहा महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली, जी कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हते. एकवीस वर्षे फोनवर बोललो होतो ते फी, औषधे आणि पाठवलेले पैसे यांविषयी. ते विषय संपले की दोघेही गप्प. घरही भरलेले. अम्मी, धाकट्या दिराचे कुटुंब, येणारे-जाणारे. दार लावून तासभर बोलत बसावे, अशी रीत आपल्या घरांत नाही.

शाळेच्या स्काऊट-गाईड शिबिरात मुलींबरोबर तंबूत राहण्याचा अनुभव होता. त्यावरून ही कल्पना निघाली. लॉजवर जाण्यापेक्षा एकदाच खर्च करून तंबू घ्यावा आणि महिन्या-दोन महिन्यांतून एक रात्र बाहेर काढावी. आठ हजारांच्या आसपास पैसे गेले. वजन अडीच किलो.

तंबू असतो कसा?

उर्दूत याला खैमा म्हणतात. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. हलका तंबू ही माणसाची जुनी गरज आहे. प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या दिवशी हलकी वाटणारी, जनावरांच्या कातड्याची घरे ही अल्लाहची देणगी असल्याचा उल्लेख सूरह नहलमध्ये येतो. आज कातड्याच्या जागी नायलॉन किंवा पॉलिएस्टर आले, एवढाच फरक.

चांगल्या तंबूला दोन थर असतात. आतला थर बराचसा जाळीचा, डास-किडे अडवणारा. बाहेरचा पाणी अडवणारा. दोहोंमध्ये चार बोटे हवा खेळायला हवी. कापडावर १५०० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा दिलेला असतो. त्याचा अर्थ, तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ वर उभा राहिला तरी थेंब आत झिरपत नाही. जमिनीच्या कापडावर आपल्या शरीराचा भार पडतो, म्हणून तिथे आकडा मोठा असलेला बरा. काठ्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात. फायबरच्या स्वस्त पडतात, पण जड असतात आणि चिरल्या की त्यांचे कूस हातात जाते. नायलॉन हलके खरे, परंतु भिजले की सैल पडते. पॉलिएस्टर थोडे जड, पण ताण धरून राहते आणि उन्हालाही जास्त टिकते.

'दोन माणसांचा' या शब्दांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. आमच्या तंबूची रुंदी सव्वा मीटरच्या वर चार बोटे, उंची मध्यभागी एक मीटर. म्हणजे दोन चटया शेजारी-शेजारी टाकल्या की जागा संपली. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला जाग येते. पिशव्या पायथ्याशी, चपला बाहेरच्या पडवीत.

हेदवीची पहिली रात्र

पहिल्या मुक्कामासाठी आम्ही हेदवी निवडले. आपल्याच गुहागर तालुक्यातले गाव, वेळणेश्वरच्या दक्षिणेला. टेकडीवर दशभुज गणेशाचे देऊळ, खाली किनाऱ्याशी उमामहेश्वराचे देऊळ आणि त्याला लागून काळ्या खडकातली बामणघळ. भरतीचे पाणी या अरुंद घळीत शिरते आणि कोंडून उंच उसळते. ते पाहायला लांबून माणसे येतात. मुक्कामाआधी गावात जाऊन परवानगी विचारली. देवळांपासून दूर, वस्तीच्या हाकेच्या अंतरावर जागा ठरली. ओळखीच्या एका घरी रात्री-अपरात्री न्हाणीघर वापरण्याचेही विचारून घेतले. बायकांना ही सोय आधी करावीच लागते. ती न करता किनाऱ्यावर मुक्काम करू नये.

चांदणे मिळावे म्हणून चंद्राची चौदावी तारीख निवडली. असरनंतर पोहोचलो आणि पाण्याजवळ सपाट, घट्ट वाळू दिसली तिथेच तंबू उभा करू लागलो. होडी वर ओढणारे एक वयस्क गृहस्थ थांबून बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, शाळेत शिकवता ना तुम्ही? आज पुनव आहे. अकरा-साडेअकराला तुमचं बिऱ्हाड तरंगायला लागेल." त्यांनी वर बोट दाखवले. सुके शेवाळ, शिंपले आणि काटक्यांची एक रेघ किनाऱ्याच्या टोकापासून टोकापर्यंत गेली होती. पाणी तिथपर्यंत येते, हे ती रेघ सांगत होती. सहावीच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याची लाज वाटली.

हिशेब सोपा आहे आणि कोकणात जुना आहे. तिथीला तीनने गुणून चारने भागायचे, की भरतीची वेळ मिळते. चांदरातीमुळे आपली चंद्राची तारीख साधारण एक दिवस मागे असते, म्हणून तीत एक मिळवायचा. चौदा तारीख म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे, पाऊण-एक तास इकडे-तिकडे होतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून तेव्हा त्या रेघेच्याही बरेच वर राहावे. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती कमी चढते.

तंबू वर हलवला. तिथे दुसरी अडचण आली. मऊ वाळूत खुंट्या धरेनात. त्याच गृहस्थांनी नारळाची चार सोडणे आणून दिली. दोरी सोडणाच्या मधोमध बांधायची, हातभर खड्डा करून ते आडवे पुरायचे आणि वर वाळू दाबायची. दोरी कितीही ओढा, सोडण हलत नाही. कापडी पिशवीत वाळू भरून पुरली तरी तेच काम होते. नारळाच्या झाडाखाली मात्र तंबू कधीच लावू नये. वरून नारळ किंवा झावळ पडली, तर हे कापड काय वाचवणार?

दार समुद्राकडे ठेवले. पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. रात्री पाठ जमिनीकडे असली की दार निवाऱ्याला राहते. मगरिब आणि इशा बाहेर चटईवर अदा केली, कारण आत उभे राहता येत नाही. आपल्या किनाऱ्यावर किब्ला म्हणजे समुद्राचीच बाजू. वुजू समुद्राच्या पाण्याने होतो, पण मीठ अंगावर चरचरते, म्हणून दहा लिटर गोडे पाणी बरोबर नेतो.

आणखी एक धडा त्याच रात्री मिळाला. आत दिवा लावला आणि एक जण बाहेर गेला, तेव्हा दिसले की आतल्या माणसाची सावली कापडावर स्पष्ट उमटते. पातळ कापडाचा पडदा दिवा बंद असेपर्यंतच पडदा असतो. कपडे अंधारात बदलावेत, दिवा लागलाच तर जमिनीवर, कापडाने झाकून ठेवावा. किनाऱ्यावर प्रखर उजेड तसाही नको. हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या काही किनाऱ्यांवर कासविणी अंडी घालायला येतात, त्या उजेडाने बुजतात.

मध्यरात्री

अकरानंतर आवाजाने जाग आली. पाणी चढत होते. दुपारी आम्ही ज्या जागी तंबू लावत होतो, तिथे आता लाट फुटत होती. दार उघडून आम्ही दोघे पालथे पडून ते पाहत राहिलो. फोन पिशवीत होते. हाक मारणारे कुणी नव्हते. सव्वा मीटर रुंदीत माणूस पाठ फिरवून तरी किती वेळ राहणार!

"अजून रजेवरच आलोय असं वाटतं," आमच्यापैकी एक जण म्हणाला. "घरात कुठली वस्तू कुठे असते, तेही विचारावं लागतं."

दुसरीने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग खरे ते सांगितले. "सगळं एकटीने करायची सवय लागलीय. आता कुणी विचारलं की राग येतो."

परत कुवेतला जाण्यासाठी नव्या व्हिसाची बोलणी सुरू आहेत, हेही त्याच रात्री कळले. घरी कळले असते तर रडारड झाली असती, चार माणसांनी चार सल्ले दिले असते. इथे दोघांनाच बोलायचे होते. पाणी उतरू लागेपर्यंत बोललो. निर्णय झाला नाही. एवढेच ठरले की रमजान होईपर्यंत उत्तर द्यायचे नाही आणि घराच्या हिशेबाची वही दोघांच्या हातात राहायची. पुढे व्हिसाची ती मुदत तशीच निघून गेली. वही मात्र अजून दोघांच्या हातात आहे. भांडणे होतात, पण ती वहीवरून होतात. गप्प बसण्यापेक्षा ते बरे.

फजरला उठलो तर छतातून थेंब पडत होते. तंबू गळका निघाला, असे वाटले. पण पाऊस कुठे होता? गारठ्यामुळे रात्री सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर गोठून पाणी झाली. कोकणातल्या दमट हवेत हे होणारच. दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. अंगावर एक चादर जास्त घ्यावी, पण हवा कोंडू नये.

दुपारच्या भरतीला बामणघळीचे उसळणारे पाणी लांबूनच पाहिले. खडक निसरडा असतो. कड्यावर उभे राहून फोटो काढण्याचा मोह टाळावा.

सांभाळायचा कसा?

कोकणात तंबू फाटून जात नाही, कुजून जातो. ओला घडी घालून ठेवला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आतला पाणी अडवणारा लेप दमट हवेत चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवावा. साबणाची पूड वापरू नये. चेनमधली वाळू जुन्या दातब्रशने काढावी, मीठ राहिले की चेन अडकते. सावलीत पूर्ण वाळवावा, कडक उन्हाने कापड कमजोर होते. पावसाळ्यात घट्ट पिशवीत कोंबून ठेवू नये. सुती खोळीत सैलसर ठेवावा आणि उघडीप मिळाली की बाहेर काढून पाहावा. कोकणच्या धो-धो पावसात हा हलका तंबू घेऊन जाऊच नये.

आत स्टोव्ह, मेणबत्ती किंवा डासांची अगरबत्ती अजिबात नको. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनामध्ये तंबूंना आग लागली आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३४३ हाजी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथे आग न धरणारे, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या फायबर-काचेचे तंबू उभारले गेले आणि तंबूत गॅस पेटवण्यास बंदी आली. आपल्या पिशवीतला तंबू तसा नसतो. तो क्षणात पेटतो आणि वितळून अंगाला चिकटतो. बंद तंबूत शेगडीचा विषारी वायू साठतो, तो धोका वेगळाच. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके म्हावरे घरूनच नेतो.

मागच्या हिवाळ्यात असाच एकदा परत आल्यावर तंबू अंगणात वाळत घातला होता. जरा वेळाने पाहतो तर अम्मी तसबीह घेऊन आत बसलेल्या. गुडघे दुखतात, तरी रांगत गेल्या होत्या. आम्ही विचारले, "अम्मी, कसं वाटतं?"

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "पण बाहेरचा आवाज येत नाही फारसा." मग थोड्या वेळाने, बाहेर यायला हात पुढे करत, "पुढच्या वेळी कधी जाताय ते आदल्या दिवशी सांगा. भाकऱ्या मी करून देईन."