स्वस्तातला स्पीकर आणि न वाजलेला खर्ज

शब्द हा आकाशाचा गुण, असं न्यायदर्शन सांगतं. आज त्या आकाशातून जरा खाली, कॉम्प्युटरच्या टेबलावर उतरू.

इथून, लोअर परळहून, गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो की स्वस्त स्पीकर ढिगाने दिसतात. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून शेकड्यांनी वॅट छापलेले. तो आकडा आपण सोडूनच द्यावा. यूएसबी 2.0 चं साधं पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर देतं, म्हणजे सगळे मिळून अडीच वॅट. त्यावर चालणारा स्पीकर शेकडो वॅट आणणार कुठून?

खरी अडचण हवा हलवण्याची आहे. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे जावं लागतं. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा मधला षड्ज साधारण 138 हर्ट्झ, खर्जाची तार 69. दोन इंची पडद्याला हे 69 झेपत नाहीत. या धंद्यात हॉफमनच्या नावाने एक नियम सांगतात: लहान डबा, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, यातलं एक सोडावंच लागतं. मंडपातला कर्णा अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, पण त्यातून डग्गा कसा वाजतो ते आठवा!

आता गंमत अशी की, छोट्या स्पीकरवरही आपल्याला खर्ज ऐकू येतो. तारेतून 138, 207, 276 असे वरचे स्वरांश निघतात. त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू न वाजलेला मूळ स्वर जुळवून घेतो. याला प्रत्यक्ष म्हणावं की अनुमान? आम्ही प्रत्यक्षच म्हणू. ऐकताना आपण तर्क कुठे करतो? नैयायिक भांडतील, भांडू देत. डग्ग्याची घुम मात्र अशी पुरती भरून निघत नाही, अंगाला जाणवणारा भार जातो तो जातोच. व्याख्यानाचं तेवढं बिघडत नाही, कारण शब्द ओळखू येतात ते मुख्यतः वरच्या कंपनांवर.

मग वेगळा सबवूफर घ्यावा का? स्वस्तातला बहुधा एकाच स्वरावर घुमतो, तबला आणि तानपुरा दोन्ही एकाच मापाने. शिवाय गिरण्या गेल्या, टॉवर आले, तरी चाळीतली दहा बाय बाराची खोली आहेच. खालचे स्वर पातळ भिंतीला जुमानत नाहीत. आपण इकडे मारवा ऐकतो आणि शेजारच्या काकूंना नुसतं धब धब.

तेव्हा तेवढ्याच पैशांत दोनच स्पीकर घ्यावेत. पडदा जरा मोठा, डबा लाकडी भुशाच्या फळीचा, वीज भिंतीच्या प्लगवरून. मागे भिंत जवळ असली की थोडा खर्ज फुकट वाढतो. आणि ते कानाच्या उंचीवर आणायला खाली जाडजूड पुस्तकं घाला. कुठली घालायची, ते तुम्ही ठरवा, आमची नकोत.