प्रकाशानं अणूला ब्रेक कसा लागतो?

आजचा प्रश्न: लेझरनं लोखंड कापतात, मग लेझरनंच अणू गार कसे होतात?

तापमान म्हणजे अणूंची पळापळ. खोलीच्या तापमानाला सोडियमचा अणू सेकंदाला साधारण 500 मीटर वेगानं पळतो. वेग कमी केला, की अणू गार.

समोरून आलेला फोटॉन अणूनं गिळला की त्याला मागे धक्का बसतो. पुढे तो फोटॉन बाहेर टाकतो, पण कुठल्याही दिशेला, त्यामुळे ते धक्के सरासरीत एकमेकांना खोडतात. एका फोटॉननं वेग घटतो जेमतेम 3 सेंटिमीटर. म्हणजे थांबवायला साधारण 17,000 फोटॉन! पण अणू सेकंदाला कोट्यवधी फोटॉन गिळू शकतो, त्यामुळे काम काही मिलिसेकंदांत होतं.

पण लेझरपासून लांब पळणाऱ्या अणूला मागून धक्का बसला तर? तो उलट जोरात पळेल ना! इथे डॉप्लर परिणाम कामी येतो. जवळ येणाऱ्या ट्रेनचा हॉर्न कसा चढा ऐकू येतो, तसंच. लेझरची वारंवारता मुद्दाम किंचित कमी ठेवायची. समोरून येणाऱ्या अणूला ती बरोबर जुळते, लांब जाणाऱ्याला जुळत नाही. असे सहा बाजूंनी सहा झोत सोडले, की अणू कुठेही वळो, ब्रेक लागतोच. 1985 मध्ये स्टीव्हन चू यांच्या टीमनं बेल लॅब्समध्ये हे करून दाखवलं. नाव काय दिलं? ‘ऑप्टिकल मोलॅसिस’, म्हणजे प्रकाशाची काकवी!

आता खरी गंमत. थिअरी सांगत होती, सोडियमसाठी या पद्धतीची मर्यादा 240 मायक्रोकेल्विन. 1988 मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या टीमला आकडा मिळाला 40. आपला कोड अपेक्षेपेक्षा सहापट फास्ट पळाला, तर आपण आधी काय म्हणू? कुठेतरी बग आहे! त्यांनीही वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा मोजलं. आकडा खरा निघाला. चूक थिअरीत होती. तिनं अणूला फारच साधं धरलं होतं. खऱ्या अणूत ऊर्जेच्या बारीक उपपातळ्या असतात. तो ऊर्जेचा चढ चढतो, दमतो, आणि माथ्यावर पोचला की प्रकाश त्याला पुन्हा पायथ्याशी आणून ठेवतो. क्लोद कोहेन-तानुजी आणि जाँ दालिबार यांनी हा खुलासा केला. 1997 चं नोबेल चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स यांना मिळालं.

आपल्याला काय फायदा? संथ अणू जास्त वेळ निरखता येतो. जगाची वेळ ठरवणाऱ्या सर्वांत अचूक सीझियम घड्याळांत असेच गार केलेले अणू असतात, आणि तुमच्या फोनवरची वेळ शेवटी त्याच जागतिक वेळेशी जुळवलेली असते.

तर पुढच्या वेळी एखादा आकडा ‘जरा जास्तच चांगला’ आला, तर लगेच डिलीट करू नका. आधी पुन्हा मोजा. भेटू पुढच्या भागात!