प्लेटेला बटण नसतं

वाशीम जिल्ह्यातल्या गावांत सोलर पॅनलला फारसं कोणी पॅनल म्हणत नाही, प्लेट म्हणतात. ‘वावरात प्लेटा लागल्या का?’ ही चौकशी आता पेरणी झाली का, या चौकशीइतकीच अंगवळणी पडली आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे वर्षानुवर्षं रात्रीच्या विजेची वाट पाहत बसणं. थंडीत, बॅटरीच्या उजेडात, ओल्या दांडातून चालायचं. पायाखाली ढेकूळ आहे की घोणस, हे पाय पडल्यावरच कळायचं. दिवसा ओलीत करता येणं ही शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित गोष्ट आहे. सौरपंपाचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं, आणि म्हणूनच तो बसवणाऱ्यांबद्दल लिहावंसं वाटतं.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आले होते. बंजारा विरासत संग्रहालयाच्या उद्घाटनाची बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच दौऱ्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधल्या, राज्यातल्या १९ मेगावॉटच्या पाच सौरप्रकल्पांचं लोकार्पणही झालं, ते तितकंसं राहिलं नाही. त्यानंतर कामाला जो वेग आला तो थक्क करणारा आहे. २०२५ च्या अखेरीस महावितरणने ३० दिवसांत ४५,९११ सौरपंप बसवून गिनीज बुकात नोंद मिळवली. दिवसाला दीड हजारांवर पंप! या आकड्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण मला त्या आकड्यात हातही दिसतात. एका पंपासाठी खड्डे खणायचे, लोखंडी सांगाडा उभा करायचा, तीस-तीस किलोच्या प्लेटा वर चढवायच्या, तारा जोडायच्या. पिकअपमधून चार-पाच पोरं उतरतात, शिडी आणि पान्यांची पेटी काढतात आणि संध्याकाळी पाणी सुरू करून पुढच्या गावाला निघतात. त्यांच्या दिवसभराच्या कामात धोका नेमका कुठे असतो, हे समजून घ्यायला थोडं विज्ञान लागतं.

घरातला पंखा दुरुस्त करताना आपण मेन स्विच पाडतो. डीपीवर काम असलं की लाईनमन उपकेंद्राकडून परमिट घेतो, तारांना अर्थिंग करतो आणि मगच खांबावर चढतो. दोन्हीकडे वीज जिथून येते तिथेच ती तोडलेली असते. प्लेटेत वीज उजेडातून तयार होते. डबीतला स्विच पाडला तर स्विचच्या पुढची वीज थांबते. प्लेटेपासून स्विचपर्यंतची तार मात्र दिवसभर जिवंतच राहते. दुकानातून आणलेली, कशालाही न जोडलेली कोरी प्लेट उन्हात टेकवून ठेवली तरी तिच्या दोन टोकांवर व्होल्टेज असतं.

किती असतं? सिलिकॉनचा एक घट उजेडात साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. सध्या सर्रास दिसणाऱ्या साडेपाचशे वॅटच्या प्लेटेत असे घट ओळीने जोडलेले असतात आणि तिच्या मोकळ्या टोकांवर ५० व्होल्टच्या आसपास मिळतात. एका प्लेटेला हात लागला तर सहसा फार काही जाणवत नाही, आणि घात होतो तो इथेच. नऊ-दहा प्लेटा एकीला एक जोडल्या की साडेचारशे-पाचशे व्होल्ट होतात, घरातल्या विजेच्या साधारण दुप्पट. वाहिनी योजनेच्या मोठ्या प्रकल्पांत तर एकेक ओळ १५०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. पहिल्या प्लेटेने घाबरवलं नाही म्हणून दहावी जोडतानाही हात तसाच बिनधास्त राहतो.

या धंद्यात एक समज पक्का बसला आहे: ‘ऊन वर यायच्या आत जोडून घेऊ, सकाळी करंट नसतो.’ हा समज खोटा आहे, आणि का खोटा आहे ते नीट समजून घ्यायला हवं. प्लेटेतून मिळणारा करंट उजेडाच्या प्रमाणात वाढतो-घटतो. भर दुपारच्या तुलनेत उजेड दहावा हिस्सा असेल तर करंटही दहावा हिस्सा. व्होल्टेजचं गणित वेगळं आहे. उजेड दहापट कमी झाला तरी व्होल्टेज जेमतेम दहा टक्क्यांनी उतरतं. म्हणजे सूर्य पुरता वर यायच्या आतच सव्वाचारशे व्होल्ट तारेत हजर असतात. त्यात सिलिकॉनचा आणखी एक गुण आहे. ते जितकं थंड तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. मे महिन्यातल्या तापलेल्या दुपारपेक्षा डिसेंबरच्या थंडगार सकाळी प्लेटेचं व्होल्टेज चढं असतं. राहिला प्रश्न करंटचा. भर उन्हात तेरा अँपिअर देणारी ओळ सकाळी सव्वा-एक अँपिअर देईल. माणसाच्या छातीतून याचा दहावा हिस्सा गेला तरी जीव धोक्यात येतो.

घामाची गोष्टही इथेच सांगायला हवी. कोरडी, राठ कातडी विजेला बराच अडथळा करते. घामाने भिजली की तो अडथळा अनेक पटींनी कमी होतो आणि हजार ओहमच्या घरात येऊ शकतो. पाचशे व्होल्टला हजारने भागा: अर्धा अँपिअर. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळीसच्या पुढे असताना, लोखंडी सांगाड्यावर बसून काम करणाऱ्या पोराचे हात कोरडे कसे राहणार? सुती हातमोजे घातलेले असले तर तेही ओलेच. यासाठी एक हजार व्होल्टला टिकणारे रबरी हातमोजे वेगळे मिळतात. पाने-स्क्रू हाताळायच्या साध्या मोज्यांनी त्यांचं काम होत नाही.

प्लेटेची वीज डीसी असते आणि तिचा आणखी एक स्वभाव आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन जाते. स्विच उघडताना ठिणगी उडालीच तर पुढच्या शून्यावर ती विझायला मदत होते. डीसीला शून्य नाही. चालू पंपाची जोडणी हाताने ओढून काढली की दोन टोकांमधल्या हवेत प्रखर ज्योत धरते. तिचं तापमान हजारो अंशांवर जातं आणि ती आपली आपण विझत नाही. हात भाजतो, डोळे दिपतात. माणूस दचकून मागे सरकतो आणि मागे बऱ्याचदा शिडी असते किंवा छताचा काठ.

फ्यूज उडेल ना, असं कोणी म्हणेल. फ्यूज वितळतो तो नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट वाहिला तर. महावितरणच्या तारेत बिघाड झाला की असा लोंढा येतो, कारण तिच्यामागे अख्खं जाळं असतं. प्लेटेमागे एवढं बळ नसतं. दोन टोकं थेट एकमेकांना चिकटवली तरी तिचा करंट रोजच्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्के वाढतो. एका ओळीवरच्या फ्यूजला बिघाड झाल्याचा पत्ताच लागत नाही. ज्या भरवशावर वायरमनच्या पिढ्या काम करत आल्या, तो इथे कामाचा नाही. जुन्याजाणत्या वायरमनलाही सौरकाम नव्याने शिकावं लागतं ते याचमुळे.

मग सुरक्षित काम कसं होतं? क्रमाने. उभारणी करताना ओळीतली शेवटची जोडणी मोकळी ठेवायची, टोकांना टोपणं लावायची, आणि सांगाडा, अर्थिंग, डबी सगळं तपासून झाल्यावर ती सर्वांत शेवटी करायची. दुरुस्तीला आलात तर आधी कंट्रोलर बंद, मग डीसीचा स्विच पाडायचा, तो दुसऱ्या कोणी चढवू नये म्हणून त्याला कुलूप लावायचं, क्लँप मीटरने करंट शून्य झाल्याची खात्री करायची आणि मग जोडणीला हात. मीटर एक हजार व्होल्ट डीसी सोसणारा हवा. स्वस्तातला मीटर एवढ्या व्होल्टेजला हातात फुटू शकतो. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

ही पंधरा-वीस मिनिटं कोणाच्या खिशातून जायची, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे येतोच, आधी छतावर जाऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना आली आणि प्लेटा वावरातून घरांवर चढल्या. एकमजली घराचं छत तीन मीटरवर असतं. तिथून पडणाऱ्या माणसाला जमिनीवर यायला पाऊण सेकंद लागतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. गोदामाच्या सहा मीटर उंच छतावरून तोच वेग ३९ होतो. गोदामं, गोठे, जिनिंगच्या शेड यांवरचे जुने सिमेंटचे पत्रे वरून दणकट दिसतात आणि पाय पडताच तुटतात. त्यांवर चालायचं तर नटबोल्टच्या रेषेत फळ्या टाकून, कारण आधाराचं लोखंड त्या रेषेखालीच असतं.

पडणं थांबवणारा पट्टा म्हणजे हार्नेस. तो घातला की काम झालं, असं मानलं जातं. इथेही हिशेब आहे. दोरी १.८ मीटरची, धक्का शोषताना तिची पट्टी एक मीटरभर उलगडते, पट्ट्याच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर थोडं राखीव. एकूण साडेपाच मीटर मोकळी जागा खाली असेल तरच हा पट्टा माणसाला हवेत थांबवतो. तीन मीटरच्या घरावर पट्टा ताणला जायच्या आधीच माणूस जमिनीवर! अशा ठिकाणी दोरी इतकी आखूड बांधायची की माणूस काठापर्यंत पोचूच नये. आणि ती बांधायला छतात पक्की कडी हवी. घर बांधतानाच अशा दोन कड्या स्लॅबमध्ये सोडल्या तर खर्च नगण्य येतो. पुढची पंचवीस वर्षं प्लेटा धुणाऱ्या घरमालकालाही त्या उपयोगी पडतील. गवंड्याला हे सांगणारा अजून कोणी भेटलेला नाही, याची मला खंत आहे.

वाऱ्याचं तर कोणी मोजतही नाही. मोठ्या प्लेटेचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरहून जास्त असतं. ताशी ५४ किलोमीटरचा वारा अशा प्लेटेला समोरून साधारण ३५ किलोच्या जोराने ढकलतो, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. मृगाआधीच्या वावटळीत प्लेट उचललेला माणूस शीड धरून उभा असल्यासारखा असतो. त्याच दिवसांत विजाही कडाडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप प्रत्येक टोळीप्रमुखाच्या मोबाइलमध्ये असावं. ॲप नसलं तरी कान आहेत: वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, सांगाडा सोडून खाली यायचं. आणि धुऱ्यावरून अकरा हजारांची लाईन जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी आणि सहा मीटरचा पाईप तिच्याखाली उभा करायचाच नाही.

वाशीमच्या मातीचाही इथे संबंध येतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. अर्थिंगची कांडी ऑगस्टमधल्या ओल्या मातीत घट्ट बसलेली असते. मे महिन्यात तीच माती तिच्यापासून सुटते, कोरडी होते आणि वीज जमिनीत शिरायची वाट अरुंद होते. बसवताना पावसाळ्यात मोजून कागदावर लिहिलेली अर्थिंग उन्हाळ्यात खरी राहीलच असं नाही. ती मे महिन्यात पुन्हा मोजली पाहिजे.

आता त्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल. बांधकाम कामगारांच्या सुरक्षेचा १९९६ चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामांना लागू होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही दहाचाच उंबरठा आहे. कंपनीच्या हजेरीपटावर शेकडो लोक असतील, वावरात मात्र चौघंच उतरतात. कंपनी, तिचा विक्रेता, त्याचा ठेकेदार, ठेकेदाराची टोळी अशी साखळी लांबत जाते. टोळीला मजुरी नगावर मिळत असेल, तर कुलूप लावायला, दोरी बांधायला गेलेला वेळ पोरांच्याच पगारातून कापला जातो. पोरं बेफिकीर आहेत, असं म्हणणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. हार्नेस, रबरी मोजे, मीटर आणि हा वेळ यांची किंमत निविदेतच वेगळी धरली पाहिजे, म्हणजे दर पाडताना तिला कोणी कात्री लावणार नाही. पंप बसल्यावर शेतकऱ्यासोबत फोटो काढला जातोच, तसाच एक फोटो काम सुरू व्हायच्या आधीही मागावा: शिडी, दोरी, मोजे, मीटर आणि पोरं. सूर्यमित्र प्रशिक्षण आहे, आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. तिथून शिकलेला एक जण तरी प्रत्येक टोळीत असावा, आणि ‘आज वारा आहे, उद्या चढू’ म्हणायचा अधिकार त्याला असावा.

टोळी निघून गेल्यावर वावरात शेतकरी उरतो आणि मार्चमध्ये एखाद्या दुपारी गारपीट होते. काच तडकते, प्लेट वाकते, पंप बंद पडतो. शेतकरी फोन करून विचारतो, ‘भाऊ, फुटलेली प्लेट काढून बाजूला ठेवू का?’ नाही. फुटलेली प्लेटही उजेडात वीज देते. तडकलेल्या काचेतून पाणी आत गेलं असेल तर ती वीज चौकटीत, सांगाड्यात उतरलेली असू शकते. लोखंडाला हात लावायचा नाही, जनावर जवळ बांधायचं नाही, कंट्रोलरला आणि स्विचलाही कोरडं झाल्याशिवाय हात नाही. प्लेट झाकायची असेल तर ते फिटरनेच करायचं, हातमोजे घालून. निळी पातळ ताडपत्री चालत नाही, तिच्यातून उजेड झिरपतो. सोयाबीनच्या गंजीवर टाकायची जाड, काळी ताडपत्री दुहेरी घडी करून काढून ठेवा, फिटर येईपर्यंत.